जो उठेल तो भांडी घासेल

पाहुणे बोलवायचे आणि स्वतःचंच कंबरडं मोडून घ्यायचं, हा मूर्खपणा मी आयुष्यात केला नाही. माझं मटणाचं दुकान आहे. आठवड्यातले सहा दिवस मी सत्तूर चालवते. सातव्या दिवशी कुणी मला "जरा अजून वाढ गं" म्हणालं, तर मी पळी त्याच्या टाळक्यात घालीन. म्हणून पानगळ लागली की एका रविवारी दुपारी मी आपल्या माणसांना जेवायला बोलावते आणि काहीच करत नाही.

काहीच म्हणजे, सकाळी बिडाच्या मोठ्या पातेल्यात लाल भोपळा, कांदे, हाडं आणि मिरी टाकायची, वर त्याचं जड झाकण ठेवायचं, गॅस बारीक करायचा आणि विसरून जायचं. सफरचंदं आणि नासपती अख्खीच ओव्हनमध्ये. पाव शेजारच्या बेकरीतला. अक्रोड अंगणातल्या झाडाचे, टोपलीत तसेच. ज्याला हवेत त्याने फोडून खावेत, मी काय दाई आहे का कुणाची. वाईन द्राक्षवाला आणून देतो. त्याची नवी वाईन आंबट असते, पण दुसऱ्या पेल्यानंतर कुणी तक्रार करत नाही. बाकांवर घोंगड्या टाकते, कारण ऊन असलं तरी वारा बोचतो. झालं माझं आदरातिथ्य.

आणि एक नियम. जो पहिला उठेल तो भांडी घासेल. सगळं हाताच्या अंतरावर मांडलेलं असतं, त्यामुळे उठायचं काही कारण नसतं, पण माणूस उठतोच. कुणी बूड उचललं की बाकीच्यांनी चमचा तीनदा टेबलावर आपटायचा आणि त्याच्यावर रोखायचा. रोखला की संपलं, वर दाद मागायची सोय नाही. समोरच्या गल्लीतले शिंपीकाका आमचे पंच. सुईत दोरा ओवून ओवून त्यांची नजर अशी झाली आहे की अर्धा इंच उठलं तरी त्यांना दिसतं. अकरा वर्षांत आईनेसुद्धा एकदा सगळी भांडी घासली आहेत, तिला सूट मिळाली नाही.

माझ्या पाठची बहीण, मधली, मात्र कधीच हरली नाही. लग्न झाल्यापासून नऊ वर्षं ती नवऱ्याच्या शेजारी बसते आणि सगळे उठेपर्यंत जागची हलत नाही. आम्ही तिला पट्टीची खेळाडू म्हणायचो. त्यासाठी मी तिची पाठ थोपटली आहे, एकदा नाही, दोनदा. हे आधीच सांगून ठेवते, कारण एवढी मोठी घोडचूक मी दुसरी केलेली नाही.

गेल्या वर्षीचं जेवण बारक्यासाठी होतं. बारक्या म्हणजे आमचा धाकटा भाऊ. सहा फुटांच्या वर उंच, दारातून वाकून आत येतो, पण लहानपणी नाव पडलं ते पडलं. तो सहा वर्षं तुरुंगात होता. त्याने एका माणसाच्या तोंडावर बाटली फोडली होती. तो माणूस त्याला काहीतरी टोचून बोलला होता, काय ते आता बारक्यालाही धड आठवत नाही. त्या माणसाचा डावा डोळा गेला. पडताना त्याने बारक्याचाच शर्ट धरला, आधारासाठी, एवढं मात्र बारक्याला रोज आठवतं. मी भावाची बाजू घेत नाही. आमचा बाप दुकानात बकरी तोडायचा आणि घरी येऊन आम्हाला तुडवायचा. त्याचं डोकं मला आणि बारक्याला मिळालं. मधलीला आईचं मूग गिळून बसणं मिळालं.

जेवणाच्या सात आठवडे आधी बारक्याला अटीवर सोडलं. दर सोमवारी पोलीस चौकीत सही करायची आणि दोन वर्षं कुणावर हात उचलायचा नाही. उचलला, तर उरलेली दोन वर्षं आत, वर नव्या गुन्ह्याची वेगळी. आई ब्याऐंशीची आहे. तो पुन्हा आत गेला तर बाहेर येईल तेव्हा आई असणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि आईलाही. आईने त्याला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता, फक्त रोज रात्री त्याच्या खोलीचं दार उघडून तो आहे का ते बघून जायची.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दुकान धूत होतो. बारक्या ठोकळ्यावर मीठ घासत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, आक्काला कोणीतरी मारतंय."

आक्का म्हणजे मधली. मी म्हटलं, "काहीतरी बरळू नकोस."

"ती दाराकडे पाठ करून बसत नाही. कुणी हात वर केला की डोळे मिटते. आत सहा वर्षं मी हेच बघितलंय. मार खाणारा माणूस मला लांबून ओळखू येतो."

मला दोन वर्षांपूर्वीचा तिचा दात आठवला. पुढचा दात अर्धा तुटला होता. जिन्यावरून पडले म्हणाली. तिचा नवरा दातांचा डॉक्टर, त्यानेच नवीन बसवून दिला, आणि मी, अकलेचा कांदा, त्याला म्हटलं होतं की घरात डॉक्टर असल्याचा हा फायदा. खरं सांगते, पायाखालची ओली फरशी मला दिसेनाशी झाली. सत्तूर हातात होता तो मी खाली ठेवला, कारण माझा मला भरवसा वाटला नाही.

"उद्या येणार आहेत ना दोघं," बारक्या म्हणाला.

"येतील. आणि तू बसून राहशील," मी म्हटलं. "तो काहीही बोलला तरी. मी मधलीला आत नेऊन विचारते. तिला ठेवून घ्यायचं झालं तर मी ठेवून घेईन. तू उठायचं नाहीस. शपथ घे."

त्याने आईची शपथ घेतली. मग म्हणाला, "नियमच आहे की. उठलो तर भांडी पडतील." हसायचा प्रयत्न केला, पण त्याचे हात ठोकळ्यावर जागच्या जागी फिरत राहिले.

रविवारी सकाळी मी घर झाडून हत्यारं गोळा केली. दुकानातले सगळे सुरे कपाटात, कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. पाव आधीच कापून ठेवला. वाईन बाटल्यांतून काढून स्टीलच्या जगांत ओतली, बाटल्या बेकरीच्या मागे टाकून आले. काचेचे पेले नकोत, स्टीलचे. चिनी मातीच्या बशा नकोत, पत्र्याच्या. काटेसुद्धा काढले, चमचे तेवढे ठेवले. आई बघत होती. म्हणाली, "बाळांचं जेवण आहे का आज?" मी म्हटलं, "तसंच समज."

अक्रोडाची टोपली मी स्वतःच्या हाताने मांडली. त्यात फोडायची पक्कड होती, लोखंडी, दातेरी. ती मला दिसलीच नाही. अकरा वर्षं ती त्या टोपलीतच असते.

टेबल अंगणात, भिंतीला लागून. भिंतीच्या बाजूच्या बाकावर आई, बारक्या आणि शिंपीकाका. बारक्याला मी मुद्दाम मधोमध कोंबला. मागे भिंत, पुढे टेबलाची कड पोटात, एका बाजूला आई आणि कोपऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला काका. काका उठल्याशिवाय त्याला उठताच आलं नसतं. समोरच्या बाकावर मधली आणि डॉक्टर. टेबलाच्या तोंडाशी मी, पुढ्यात छोट्या शेगडीवर पातेलं.

डॉक्टर नेहमीसारखे छान कपडे घालून आले. आईच्या पाया पडले, काकांना सिगारेटचं पाकीट दिलं, मला म्हणाले, "ताई, वास सुटलाय नुसता." माणूस देखणा, हात स्वच्छ, नखं कापलेली. गावात अर्ध्या लोकांचे दात त्याच्या हाताखालून गेलेले, कुणी त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. मधली त्याच्या मागून आली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, आणि हसू असं की मला तिच्या नव्या दाताकडे बघवेना.

पहिला अर्धा तास बरा गेला. झाडावरून पानं गळत होती, एक काकांच्या वाटीत पडलं, त्यांनी ते काढून चाटलं आणि मीठ बरोबर आहे म्हणाले. आईने दुसरा पेला मागितला. मग डॉक्टरांनी बारक्याकडे बघून पेला उचलला.

"बाटल्या दिसत नाहीत आज कुठे," ते म्हणाले. "ताईंनी लपवल्या वाटतं. पाहुण्यांच्या डोळ्यांची काळजी."

बारक्या वाटीत बघत होता.

"त्या माणसाने आता काचेचा डोळा बसवलाय म्हणे. माझ्याकडे येतो तो, दाढा दाखवायला. मी त्याला म्हटलं, तुझा मित्र सुटलाय हो. थरथर कापायला लागला बिचारा."

"भोपळा घ्या अजून, डॉक्टर," मी म्हटलं. आवाज नीट लावला होता, पण पळी जगावर आपटली.

"घेतो ना. बारकूशेठ, आत काय द्यायचे हो खायला? की तिकडेही बाटल्या मिळायच्या?"

बारक्याच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसली. आईने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "ताई, मी बसलोय." मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हा माणूस उगाच जीभ चालवत नव्हता. बारक्या बाहेर असताना त्याला मधलीवर हात उचलताना दोनदा विचार करावा लागणार होता. त्याला बारक्या परत आत हवा होता. त्यासाठी एक थोबाडीत खायची त्याची तयारी होती. बारक्या नुसता उठला आणि टेबलावरून झुकला, तरी त्याचं काम होणार होतं.

वाऱ्याने मधलीला हुडहुडी भरली. मी संधी साधली. म्हटलं, "मधले, आत ये माझ्याबरोबर, तुला माझी शाल देते. भांडी मी घासते आज, चल."

ती उठली नाही. तिने आधी डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने मान हलवली, अगदी थोडी, माशी उडवल्यासारखी. आणि ती म्हणाली, "नको गं ताई, मला नाही थंडी वाजत."

नऊ वर्षं. नऊ वर्षं ही बाई टेबलावरून उठली नाही आणि आम्ही पाठ थोपटून तिचं कौतुक केलं. परवानगीशिवाय तिला उठताच येत नव्हतं. हे माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मी वाढलेलं खाताना. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

"खेळाडू आहे माझी बायको," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, टेबलावर, सगळ्यांदेखत, नवी नवरी असल्यासारखा. दुसऱ्या हाताने टोपलीतली पक्कड उचलली. आम्हाला वाटलं अक्रोड फोडताहेत. त्यांनी एक अक्रोड फोडला, सोलून आईपुढे ठेवला. दुसरा फोडला, काकांना दिला. मग मधलीची करंगळी पकडीत घेतली आणि बारक्याच्या डोळ्यांत बघितलं.

"दुखणार नाही," ते तिला म्हणाले. पेशंटला म्हणायचं तसं, त्याच आवाजात.

आवाज अक्रोडासारखाच आला. आईला वाटलं तिसरा फोडला, तिने हात पुढे केला. मधलीच्या तोंडातून ब्र निघाला नाही. चेहरा पांढरा झाला, आणि ती हसत होती. बारक्याकडे बघून हसत होती, म्हणजे त्याने उठू नये.

बारक्याचं अख्खं अंग टेबलाला भिडलं. टेबल दोन इंच सरकलं, जग आडवा झाला, वाईन आईच्या मांडीवर गेली. काका जागचे हलले नाहीत, त्यांनी दोन्ही पाय जमिनीत रोवले होते. बारक्याच्या घशातून जनावरासारखा आवाज येत होता. "ताई," तो म्हणाला, "मी बसलोय ना? ताई, मी बसलोय."

डॉक्टरने दुसरं बोट घेतलं.

मी उठले. पातेल्याचं झाकण माझ्या हातात कधी आलं मला माहीत नाही. मोठं, बिडाचं, वाफेने चटका देणारं, हाताला फोड आले ते नंतर कळलं. पहिला तडाखा मी त्याच्या मनगटावर मारला. मी वीस वर्षं हाडं तोडते, कुठे मारलं की काय तुटतं ते मला शिकवावं लागत नाही. पण दुसरं बोट तोवर गेलं होतं. मला अर्धा क्षण उशीर झाला, हे मी आजही विसरत नाही.

पक्कड खाली पडली. तो ओरडला आणि उठला, चांगल्या हाताने त्याने माझे केस धरले आणि माझं तोंड पातेल्याच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. रक्त डोळ्यात आलं. पातेलं कलंडलं आणि उकळता भोपळा त्याच्या मांड्यांवर सांडला, केस सुटले. मी दुसरा मारला जबड्यावर, आडवा, दोन्ही हातांनी. त्याचे दात टेबलावर उडाले, चार, मी नंतर बघितले. फी घेतली नाही. तो बाकावर कोसळला आणि बाकावरून खाली. तिसरा मारायची काही गरज नव्हती. तो पडला होता, हात तोंडावर धरून. तिसरा मी त्याच्या खांद्यावर मारला आणि हाड गेल्याचं मला तळव्यात कळलं. बरं वाटलं. लाज वाटते, पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चौथ्यासाठी झाकण वर गेलं तेव्हा बारक्या बोलला. ओरडला नाही. "ताई. बस खाली."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही पंजे टेबलावर पालथे होते, बोटं पसरलेली, चमचा त्यांच्यामध्ये. गालावरून पाणी वाहत होतं. "तो मरेल," तो म्हणाला. "मग रोज दिसेल तुला. बस."

मी झाकण टेबलावर ठेवलं आणि बसले.

बेकरीवालीने आरडाओरडा ऐकून पोलिसांना फोन केला होता. एक म्हातारा पोलीस आणि एक तरुण आले, पाठोपाठ रुग्णवाहिका. तरुणाने बारक्याला ओळखलं. दर सोमवारी सही करताना बघायचा. त्याने आजूबाजूला काही बघितलंच नाही, सरळ बेड्या काढल्या.

स्ट्रेचरवर झोपलेल्या डॉक्टरला नीट बोलता येत नव्हतं. पण त्याने चांगला हात उचलला आणि बारक्याकडे दाखवलं. "ह्याने," तो म्हणाला. रक्ताच्या गुळण्यांतून तेवढं स्पष्ट आलं.

"मी मारलं," मी म्हटलं. "झाकणाने. हे बघा हात."

"बाई, भावाला वाचवायला सगळ्या बहिणी असंच म्हणतात," तरुण पोलीस म्हणाला. "तुमची भुवई पण त्यानेच फोडली असेल."

काकांनी सांगितलं की बारक्या भिंतीला खेटून बसला होता आणि ते स्वतः उठल्याशिवाय त्याला हलताच आलं नसतं. आईनेही तेच सांगितलं. म्हातारा पोलीस ऐकत होता, पण म्हणाला, "आजी, घरची माणसं घरच्यासारखंच बोलणार. हे डॉक्टर आहेत. माझीसुद्धा दाढ ह्यांनीच काढली आहे." मग तो मधलीकडे वळला. "तुम्ही त्यांच्या बायको. तुम्ही सांगा. कुणी मारलं?"

मधली तशीच बसली होती, बाकाच्या त्याच टोकाला. उजवा हात मांडीवर, दोन बोटं काळीनिळी, भलतीकडे वळलेली. तिने सवयीने आधी स्ट्रेचरकडे बघितलं. डॉक्टरने मान हलवली, तेवढीच, थोडी.

बारक्याच्या एका हातात बेडी पडली होती. आईने त्याचा दुसरा हात धरून ठेवला होता. मधलीने नऊ वर्षं ह्या माणसासाठी खोटं सांगितलं होतं. जिना, दार, मोरीतला साबण. आज ती आणखी एक खोटं बोलली असती तर मी तिला दोषही देऊ शकले नसते, आणि बारक्या गेला असता.

मग काका बोलले. पंचाच्या आवाजात, दरवर्षी विचारतात तसं. "पहिलं कोण उठलं?"

तरुण पोलीस म्हणाला, "हे काय चाललंय?" कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. काकांनी चमचा तीनदा आपटला आणि माझ्यावर रोखला. आईने आपटला आणि रोखला. बारक्याने मान खाली घातली, त्याने चमचा उचलला नाही.

मधलीने डाव्या हाताने चमचा घेतला. तो तिच्या हातातून एकदा पडला, तिने परत घेतला. एक, दोन, तीन. नऊ वर्षांत तिने कधी एवढ्या जोरात आपटला नव्हता. आणि सख्ख्या बहिणीवर, माझ्यावर, रोखला.

"ताई उठली," ती म्हणाली. "बारक्या बसला होता. ह्यांनी माझी बोटं मोडली, पक्कड तिथे खाली आहे. मी जिन्यावरून पडले नव्हते."

शेवटचं वाक्य पोलिसाला कळलं नाही. ते त्याच्यासाठी नव्हतंच.

स्वतःवर गुन्हा शाबीत झाल्याचा एवढा आनंद कधी कुणाला झाला नसेल. मी रडायला लागले, रक्त आणि पाणी एक झालं. म्हाताऱ्या पोलिसाने खाली वाकून पक्कड रुमालात उचलली, मधलीच्या बोटांकडे बघितलं, आणि तरुणाला म्हणाला, "त्याची काढ. हिला घाल." झाकण एका पिशवीत गेलं, पुरावा म्हणून. मी निघताना बारक्या वाट्या गोळा करायला लागला तेव्हा मी दारातून त्याला दम दिला, "ठेव ती भांडी. माझी आहेत."

मला आठ महिन्यांची शिक्षा झाली. तिसऱ्या तडाख्याची, वकील म्हणाला. पहिले दोन न्यायाधीशबाईंनी समजून घेतले. तिसरा मारला होताच, त्यामुळे मी कुरकुर केली नाही. आत मला स्वयंपाकघरात लावलं. दीडशे बायकांची ताटं, दोन वेळा. दुकान बारक्याने चालवलं, सोमवारची सही एकदाही चुकवली नाही. डॉक्टरवर खटला चालू आहे. त्याच्या दवाखान्यावर पाटी अजून आहे, दार बंद असतं. मधली वरच्या खोलीत राहायला आली. तिची दोन बोटं आता वाकत नाहीत.

ह्या वर्षी पानगळ लागल्यावर मी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. भोपळा, हाडं, मिरी. पातेल्यावर पत्र्याची परात ठेवली, कारण झाकण अजून पोलिसांकडेच आहे आणि मागायला मी काही गेले नाही. अक्रोड मी फोडून ठेवले होते. सुरे टेबलावर होते, बाटल्याही. बारक्या भिंतीला नाही, बाहेरच्या बाजूला बसला.

सगळे बसले. काकांनी नियम वाचून दाखवल्यासारखा सांगितला. मी वाढायला घेतलं, पहिली वाटी आईची भरली, दुसरी भरत होते.

मधली उठली. वारा सुटला होता, तिला थंडी वाजत होती. तिने कुणाकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. आत गेली, माझ्या कपाटातून शाल काढली, आरशासमोर थांबली असावी, कारण वेळ लागला, आणि शाल पांघरून परत येऊन जागेवर बसली. आम्ही सगळे हातात चमचे घेऊन तिच्याकडे बघत होतो. आईला हसू दाबून धरता येईना.

"काय?" मधली म्हणाली.

आपटला पहिला बारक्याने. एवढ्या जोरात की पाव टेबलावरून खाली पडला. मग आम्ही सगळ्यांनी.

भांडी तिने एकटीने घासली, संध्याकाळपर्यंत, वाकत नसलेल्या बोटांनी. मी मदतीला गेले तर मला बाहेर हाकललं.